कणकेतली मूठ

मला रिव्हॉल्व्हरचं वेड लागलं ते धुरामुळे. इंग्लंडात रीडिंग गावातल्या माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मला एका रविवारी तिच्या नेमबाजी क्लबच्या गेस्ट डेला नेलं. तिथे जुन्या पद्धतीची रिव्हॉल्व्हर चालवतात. काडतूस नसतंच. फिरत्या चक्राच्या प्रत्येक खणात मोजून दारू ओतायची, वर शिशाची गोळी दाबायची आणि मागे ठिणगी पाडणारी तांब्याची छोटी टोपी बसवायची. या देशात साध्या माणसाला आजकालचं पिस्तूल ठेवता येत नाही, पण हे भरत बसायचं प्रकरण परवाना काढून ठेवता येतं. मैत्रिणीने बार उडवला आणि पांढरा धूर उठला. हवा थंड आणि ओली होती, त्यामुळे तो जागचा हलेना. लक्ष्य दिसेना, मैत्रीण दिसेना, थोड्या वेळाने माझेच हात पुसट झाले. मी दिवसभर स्क्रीनवर दुसऱ्यांच्या चुका शोधणारी बाई. काहीच दिसत नाही याचं इतकं सुख मला आधी कधी झालं नव्हतं.

मेडनहेडच्या घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबांनी ऐंशी ओलांडली आहे. छत्तीस वर्षं त्यांनी भारतात दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात नोकरी केली, आणि रोज पहाटे ते पंचशील म्हणतात. त्यातलं पहिलंच शील प्राणिहिंसा न करण्याचं. त्यांना न सांगता अर्ज भरायची माझी हिंमत नव्हती, म्हणून चहा देता देता सांगून टाकलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"ते घरात आलं की मी पुण्याला जातो. तुझ्या भावाकडे."

"बाबा, अहो, कागदावर मारायचं असतं. नुसता कागद."

"मी कुठे नाही म्हणतोय? तू आण. मी जातो."

बाबा एकदा बोलले की तसंच करतात. मीही त्यांचीच मुलगी, हट्टाला पेटले. आज लिहिताना मला माझा राग येतो. त्या महिन्यांत मी मनातल्या मनात तराजू धरून बसले होते, एका पारड्यात बाप आणि दुसऱ्यात एक लोखंडी वस्तू, आणि पारडं कुठे झुकतंय ते बघायचं टाळत होते.

परवान्याला वर्षभर लागलं. पोलिसांचा माणूस घरी आला, भिंतीत ठोकलेलं पोलादी कपाट हलवून पाहिलं, मग हॉलमध्ये बसून बाबांना नम्रपणे विचारलं, तुमची काही हरकत आहे का. बाबा म्हणाले, "इट इज हर हाउस." त्याने ते लिहून घेतलं. त्या रात्रीपासून बाबा माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलू लागले.

त्याच वर्षात ट्रेनमध्ये खिडकीशी बसून मी माझं रिव्हॉल्व्हर मनात घडवत राहिले. दोन जाती होत्या. एकाच्या माथ्यावरून पोलादी पट्टी जाते, ते मजबूत आणि नेमाला चोख. दुसरं वरून उघडं, सडपातळ. क्लबातले सगळे म्हणाले पट्टीवालं घे. मी उघडं घेतलं, कारण बाजूने पाहिलं की त्याची मान सुरेख दिसते. दोन्हींत दर गोळीला अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो, चाप नुसता त्याला सोडतो. घाई करताच येत नाही. थेम्सच्या पाण्यावर सकाळचं धुकं पडलेलं असायचं आणि मला स्टेशन येऊन गेलेलंही कळायचं नाही. दोनदा मी रीडिंगच्या पुढे गेले.

बर्मिंगहॅमला एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर एक म्हातारा कारागीर आहे. त्याच्या वडिलांनी आणि आजोबांनीही बंदुकाच घडवल्या. मी घेतलेलं रिव्हॉल्व्हर परस्पर त्याच्याकडे ठेवलं, सगळं मनासारखं होईपर्यंत ते घरी यायचं नव्हतं. म्हणजे तोवर बाबाही जाणार नव्हते. हे लक्षात आल्यावर मी कामं वाढवत नेली. नळीच्या टोकाचा, नेम धरायचा खुंट पितळेचा करून घेतला. मग स्क्रू निळे करायला सांगितले. तो स्क्रू तापवत नेतो, आधी ते गवताळ पिवळे होतात, मग जांभळे, मग मोरपिशी निळे, आणि नेमक्या त्या क्षणी त्यांना उचलायचं असतं. आमच्या घरात निळ्या रंगाला कोणी कारण विचारत नाही. तो मात्र म्हणाला, "इतके निळे फार लोक मागत नाहीत."

शेवटी मूठ राहिली. अक्रोडाचं लाकूड ठरलं, वर वॉर्निश नाही, नुसतं तेल. मूठ हाताला बेतायची तर हाताचा ठसा हवा. त्याने आतल्या सांगाड्याच्या आकाराचा एक लाकडी तुकडा दिला आणि सांगितलं, याच्याभोवती मुलांची खेळायची क्ले दाबा, मुठीत घट्ट धरा, वाळवा आणि घेऊन या. आमच्या घरात कसली क्ले? मी पुऱ्यांना भिजवतात तशी घट्ट कणीक भिजवली, त्यात मूठभर मीठ घातलं, तुकड्याभोवती लिंपली आणि डोळे मिटून हातात धरली. छान बसली. ओलं फडकं टाकून ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आणि सात चौदाची गाडी पकडायला पळाले. परत आले तेव्हा फडकं घडी करून बाजूला ठेवलं होतं आणि कणीक रेडिएटरच्या उबेने कडक झाली होती. मी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही, टिश्यूत गुंडाळून डब्यात ठेवली. शनिवारी ती बर्मिंगहॅमला पोचती केली.

महिन्याभराने रिव्हॉल्व्हर आणायला गेले. देखणं झालं होतं. मी ते हातात घेतलं आणि माझं तोंडच उतरलं. मूठ तळाशी रुंद होती, करंगळी अधांतरी राहत होती, आणि मधल्या बोटाखाली लाकडाचा एक उंचवटा टोचत होता.

माझा राग नाकावरच असतो. "हे माझ्या हाताचं नाही," मी म्हटलं. "कोणाच्या तरी भलत्याच मापाचं केलंत."

"तुमच्या ठशाबरहुकूम केलंय, केसाचाही फरक नाही," तो शांतपणे म्हणाला आणि त्याने ड्रॉवरमधून माझी कणीक काढली.

मी ती दिव्याखाली धरली. अंगठा रुंद होता. करंगळीची आणि तिच्या शेजारच्या बोटाची खूण खोल उमटली होती. मधल्या बोटाची खूण अर्ध्यातच संपली होती.

"त्या बोटाला आधार हवा म्हणून तिथे लाकूड जरा वर ठेवलं," तो म्हणाला. "तुमचे हात कायम हातमोज्यात, तुम्हाला काही अपघात झाला असेल असं वाटलं. विचारणं बरं दिसलं नसतं."

बाबांच्या उजव्या हाताचं मधलं बोट कारखान्याच्या प्रेस मशीनमध्ये अर्धं गेलं, तेव्हा मी पाच वर्षांची होते. त्या हाताने त्यांनी माझ्या वह्यांना कव्हरं घातली, मला सायकल शिकवली. मी रिव्हॉल्व्हरची पेटी घेतली आणि खाली आले. वाटेत हायवेवरच्या थांब्याला गाडी लावली आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. समोरच्या गाड्यांचे दिवे काचेवर पसरत होते. मला रडू येत होतं आणि हसूही. माझी पाठ फिरल्यावर हा माणूस स्वयंपाकघरात एकटा उभा राहून ती मूठ हातात धरून बघत होता.

घरी पोचले. पेटी पाहून बाबा म्हणाले, "आलं का? उद्या तुझ्या भावाला फोन करतो."

"करा. पण जायच्या आधी एकदा क्लबात चला. उद्या गेस्ट डे आहे."

ते नाही म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "स्वेटर लागेल का?"

सकाळी मैदानावर पांढरं धुकं होतं आणि लक्ष्यं त्यात तरंगत होती. मी रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याचं क्लबच्या माणसाला दाखवलं आणि बाबांच्या हातात दिलं. त्यांची बोटं मुठीवर आपोआप बसली, अर्धं बोट त्या उंचवट्यावर टेकलं. त्यांनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एकदाच उचलली होती," ते म्हणाले. "कणीक तर होती. म्हटलं, बघावं हातात कशी लागते."

"मग मला इतके महिने का असं वागवलंत?"

त्यांनी रिव्हॉल्व्हरची नळी जमिनीकडे केली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पहाटे पंचशील म्हणायचो आणि सातच्या शिफ्टला काडतुसं तपासायला जायचो. छत्तीस वर्षं. घर चाललं, तुम्ही दोघं शिकलात. मला वाटलं होतं, ते माझ्यापाशीच संपेल. तुझ्या हातात येणार नाही."

 मी त्यांचा हात धरला, रिव्हॉल्व्हरसकट.

"तू मार," ते म्हणाले. "मला बघू दे."

मी भरलं, घोडा ओढला, चाप दाबला. टोचणाऱ्या मुठीने नेम चुकलाच, गोळी कागदाच्या अगदी कडेला लागली. धूर दोघांच्या भोवती उभा राहिला आणि काही क्षण मला बाबा दिसले नाहीत, फक्त त्यांचा खोकला ऐकू आला. मैदान मोकळं झाल्याची शिट्टी झाल्यावर आम्ही कागदापर्यंत चालत गेलो. बाबांनी कडेच्या भोकात करंगळीचं टोक घातलं आणि तसेच उभे राहिले.

"इतकी काडतुसं हातांखालून गेली," ते म्हणाले. "त्यातलं एकही कुठे जाऊन लागलं ते मला कधी कळलं नाही. हे पहिलंच."

मी म्हटलं, "बाबा, पुण्याला नका जाऊ."

"तिथे हे कोणाला सांगणार होतो मी," ते म्हणाले, आणि कागदाच्या टाचण्या एकेक करून काढू लागले.