जाळीवरचा हार

चिंचवडच्या आमच्या कारखान्यात टर्बो आला तो लाकडी खोक्यात, भुशात पुरून. पहिले पंधरा दिवस तो नुसता बघायला ठेवला होता. परदेशातून आलेल्या वस्तूला आमच्याकडे आधी दर्शनाचा मान असे, मग वापराचा. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. मी प्रयोग विभागात ज्युनियर इंजिनिअर होतो. विभाग म्हणजे पत्र्याची एक शेड, दोन थर्मामीटर आणि दारावर रंगवलेली पाटी. पाटी शेडपेक्षा बऱ्या अवस्थेत होती.

टर्बोचं काम सांगायला सोपं आहे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक पंखा फिरवतो, त्याच्या दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त, म्हणून ताकद जास्त. अडचण एवढीच की हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड चटका देतं, तसंच. आणि तापलेली हवा विरळ होते. म्हणजे जिच्यासाठी एवढा खटाटोप, तीच कमी पडते.

कंपनीची गोल बोनेटची एक जुनी मोटार होती. तिच्यात आम्ही आमचं डिझेल इंजिन बसवलं, त्याला टर्बो जोडला आणि मोशी, चाकण करत खेडच्या घाटात गेलो. सपाटीवर गाडी छान पळाली. घाटात मात्र पाच मिनिटांत टर्बोकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीतली हवा एकशेआठ अंशांवर गेली आणि गाडी काळा धूर ओकत दुसऱ्या गिअरवर आली. कांद्याची पोती भरलेला एक ट्रक आम्हाला मागे टाकून गेला. त्याच्या क्लीनरनं बाहेर वाकून विचारलं, "ढकलू का राव?"

हवा गार कशी करायची, यावर कारखाना बोलू लागला. नळीवर ओलं गोणपाट गुंडाळून झालं. ते मोशीच्या पुलापर्यंत टिकलं. एका सज्जनांनी वाळ्याचा पडदा सुचवला. परदेशात यासाठी वेगळा कूलर मिळतो असं कळल्यावर आम्ही मुंबईच्या ऑफिसला अर्ज पाठवला. अर्ज पोचल्याची पोच आली. नंतर काही आलं नाही.

मग मिस्त्री पुढे झाले. हे लातूरकडचे, पत्र्याच्या आणि डाग देऊन सांधे जोडायच्या कामात तरबेज, आणि टेंपररी. ठरावीक महिने झाले की कंपनी त्यांना ब्रेक द्यायची, मग पुन्हा घ्यायची. आकुर्डीत एका खोलीत सहा जण शिफ्टप्रमाणे आळीपाळीनं झोपत, त्यांतले ते एक. बायको आणि दोन मुली गावाकडे.

"हवाच गार करायची ना साहेब?" ते म्हणाले. "मग तिला वाऱ्याच्या वाटंनं हिंडवून आणू की. रेडिएटरात पाणी हिंडतंय तसं."

आणि त्यांनी तेच केलं. भंगारातल्या ट्रकच्या रेडिएटरचे पत्रे, तांब्याच्या नळ्या, दोन्ही टोकांना पितळी पत्र्याचे डबे. अकरा दिवस ते त्या कूलरवर वाकून होते. तो आम्ही मोटारीच्या तोंडाशी, जाळीच्या मागे बसवला. टर्बोतून निघालेली हवा या नळ्यांतून फिरून मग इंजिनात जायची, आणि नळ्यांना बाहेरून रस्त्यावरचा वारा लागायचा.

तपासायची मिस्त्रींची पद्धत वेगळी होती. कूलरनंतरच्या नळीवर तळवा ठेवायचा आणि मोठ्यानं पाचपर्यंत मोजायचं. हात टिकला तर हवा पास. मी थर्मामीटर बघून वहीत लिहायचो. त्यांचा तळवा आणि माझा थर्मामीटर यांचं पटलं नाही, तर मी थर्मामीटर तपासायला पाठवत असे.

पहिल्याच फेरीत घाटाच्या माथ्यावर नळीतली हवा छप्पन्न अंश! मिस्त्रींनी पाचपर्यंत मोजलं, माझ्याकडे बघितलं, आणि मुद्दाम दहापर्यंत मोजलं. मी ओरडलो. मी एरवी ओरडणारा माणूस नाही. क्रिकेटलासुद्धा ओरडत नाही.

बातमी मोठ्या साहेबांपर्यंत गेली. मोठे साहेब सज्जन होते, पण त्यांना समारंभ लागत. कँटीनमधल्या थंड पाण्याच्या यंत्राचं उद्घाटन त्यांनी दोनदा केलं होतं, कारण पहिल्यांदा फोटोग्राफर आला नव्हता. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "खंडेनवमीला पूजा झाली की मी स्वतः बसतो गाडीत. शुभ दिवस आहे. घाट चढली तर तुमच्या विभागाला एक परमनंट जागा देतो, तुमच्या त्या मिस्त्रींना. नाही चढली, तर टर्बो खोक्यात आणि महिनाअखेर त्यांना ब्रेक. मग पुन्हा हा विषय नको."

मी मिस्त्रींना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी हातातली पकड पुसून खिशात ठेवली. मग म्हणाले, "परमनंट झालो तर पोरींना आणतो. हितं शाळंत घालतो."

खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लागलं. लेथला हार, ड्रिलला हार, वजनकाट्यालासुद्धा. मिस्त्रींनी आदल्या दिवशी चाकणच्या बाजारातून झेंडू आणला होता आणि मोटारीचा हार स्वतः ओवला होता. मनगटाएवढा जाड, पाचपदरी, मध्ये आंब्याची पानं आणि भाताच्या लोंब्या. घाटात पडू नये म्हणून त्यांनी तो तारेनं जाळीवर आवळून बांधला. जाळी दिसेनाशी झाली. हाराचं दुसरं टोक मी धरलं होतं, आणि "फोटोत चांगली दिसेल" असंही म्हणालो होतो. समारंभांना हसणाऱ्या माणसानं हे लिहून ठेवायला हवं.

निघालो. गाडी चालवायला चिंचवड गावठाणातला ड्रायव्हर, त्याच्या शेजारी साहेब, मागे मिस्त्री आणि मी. थर्मामीटरची तबकडी मी साहेबांच्या समोर लावली होती. मला वाटलं होतं, त्यांना मजा येईल.

मोशीला साठ. चाकणला बहात्तर. खेडला पंच्याऐंशी.

"हे कमी व्हायला हवं ना?" साहेबांनी विचारलं.

"हो सर."

"मग वाढतंय का?"

माझ्याऐवजी ड्रायव्हर बोलला. "ऊन लई हाय साहेब आज. पान्याचा काटाबी चढतोय."

घाटाच्या पहिल्या वळणावर एकशेएक. मागे काळा धूर. दुसरा गिअर. साहेबांनी हात वर केला आणि ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली. साहेब खाली उतरले, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "ठीक आहे. प्रयत्न केलात तुम्ही लोकांनी." साहेब शिव्या देत तेव्हा आशा असे. हे वाक्य ते निरोपसमारंभात वापरत.

बोनेट उघडलं. मिस्त्रींनी नळीला हात लावला आणि "एक" पुरतं म्हणायच्या आत झटकला. सांध्यांचे डाग बघितले, नळ्या आवळणारे पट्टे बघितले. गळती कुठेच नाही. इंजिन चालू होतं, रेडिएटरचा पंखा फिरत होता. त्यांनी कूलर आणि जाळी यांच्यामध्ये हात घातला आणि तसाच ठेवला.

"वारं येईना, साहेब."

"म्हणजे?" मी विचारलं.

"समोरून वारंच येईना." ते पुढे येऊन उभे राहिले. मीही राहिलो. आमच्या दोघांच्या समोर पिवळाधमक, गच्च, तारेनं आवळलेला झेंडू होता. अकरा दिवस खपून वाऱ्यासाठी केलेला कूलर, आणि त्याच्या तोंडावर आम्ही दोघांनी मिळून बूच मारलं होतं.

"मीच दाबून बशिवला की वो," मिस्त्री म्हणाले.

मी हात पुढे केला आणि तो हाराच्या अलीकडेच थांबला. पूजेचा हार सुकून आपोआप गळेपर्यंत काढायचा नाही, हे आमच्या आईनं मला कधी शिकवलं, आठवत नाही. शिकवलं होतं एवढं खरं.

मिस्त्रींनी डोळे मिटून कपाळाला हात लावला, पकड काढली आणि तार कापली. आता पाचपदरी हार दोन्ही हातांत. रस्त्यावर टाकता येत नाही, डिकीत जॅक आणि तेलकट चिंध्या. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि सरळ मोठ्या साहेबांपुढे जाऊन उभे राहिले.

"साहेब, जरा वाकता का?"

साहेब वाकले. कितीक वर्षांची सवय होती. हार समोर आला की मान आपोआप खाली जायची. वर बघेपर्यंत हार गळ्यात होता.

"हे कशासाठी?"

"देवाचा हाय साहेब. ठिवायला दुसरी चांगली जागा न्हाई."

"लई शोभतोय बगा," ड्रायव्हर म्हणाला, आणि तोंड फिरवून खोकला.

गाडी निघाली. साहेब हारात बुडालेले, समोर तबकडी. तिच्यावर त्र्याण्णव. मग अठ्ठ्याऐंशी. दुसऱ्या वळणावर सत्त्याहत्तर! तिसरा गिअर पडला आणि गाडी पाठीत धक्का देत उठली. "सत्तर!" साहेब ओरडले. आता आकडे मी वाचत नव्हतो, तेच वाचत होते. "सहासष्ट! अरे, पुढे घे, पुढे घे त्याच्या!" पुढे कांद्याचा ट्रक होता. तो मागच्याच खेपेचा होता असं मी म्हणणार नाही, पण आम्ही त्याला मागे टाकलं तेव्हा गळ्यात झेंडू घातलेला एक प्रौढ गृहस्थ खिडकीतून अर्धा बाहेर येऊन "अठ्ठावन्न!" असं किंचाळला, हे त्या क्लीनरला जन्मभर पुरलं असेल. मागे धूर नव्हता. मिस्त्री माझा गुडघा इतका घट्ट धरून बसले होते की दुसऱ्या दिवशी तिथे निळा डाग होता.

माथ्यावर बोनेट पुन्हा उघडलं. साहेब पुढे आले. "कुठे ठेवता तुम्ही हात?"

मिस्त्रींनी जागा दाखवली. साहेबांनी तळवा ठेवला. मिस्त्री मोजू लागले, "एक... दोन... तीन..." पाच झाले. साहेबांनी हात काढला नाही. मिस्त्रींनीही मोजणं थांबवलं नाही. दहा झाल्यावर साहेबांनी हात उचलला, लाल तळव्याकडे बघितलं आणि खिशातून पेन काढलं.

"तुमचं पूर्ण नाव सांगा," ते म्हणाले.

मिस्त्रींनी सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. माझ्या वहीवर झुकलेल्या साहेबांच्या हाराच्या पाकळ्या कागदावर पडत होत्या आणि ते त्या बाजूला सारून लिहीत होते.

परत येताना चाकणच्या पुढे मिस्त्रींनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "साहेब, दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळंत मधीच घेत्यात का हो पोरींना?"

मला माहीत नव्हतं.

"आमच्या गावठाणातल्या शाळंत घेत्यात की," ड्रायव्हर पुढूनच म्हणाला. "मास्तर वळखीचा हाय. मी येतो संगं."