कार्डाचा कोपरा

कपबशी खाली ठिवा आदी. ह्यो किस्सा ऐकताना चहा नाकातून येतो आन् मंग तुमी मलाच बोल लावता.

तर झालं आसं, की मी माज्या सासूला, आमच्या आत्याबाईंना, मारलं. जित्ती असताना! हत्यार काय म्हनता? पोस्टाचं कार्ड!

ते दुष्काळाचं साल. हिरीत पानी न्हाई, रानात काडी न्हाई. निम्मं गाव नगरकडच्या सहकारी कारखान्यावर ऊस तोडाय गेलतं. उरलेले आमी सरकारी कामावर, तलावाची माती उचलायला. माजी थोरली अंगावर पीत व्हती, म्हून मी मागं राहिले. माज्या जागी वन्सं, म्हंजी माजी नणंद, भावासंगं, म्हंजी आमच्या मालकासंगं, कोयता घेऊन गेली.

मी चौथी शिकलेली. हसू नका! त्या टायमाला बायांमंदी चौथी म्हंजी गावची तहसीलदारच की! पोस्टमन समद्यांची कार्डं तलावावर माज्याच हातात टाकायचा. दुपारच्या सुट्टीत बाया गोल बसायच्या आन् मी मोठ्यानं वाचायची. आता तुमी मोबाईल बगून मनातल्या मनात हसता. तवा कुनी आसं गुपचूप वाचलं असतं, तर लोक म्हनले असते, हिच्या मनात पाप हाय! कार्ड एकीचं, ऐकनार सारा तलाव.

आन् कार्डात चार ओळी असल्या तर मी आठ वाचायची. नवऱ्यानं 'खुशाल हाय' एवढंच लिवून धाडलेलं असायचं. 'तुजी लई याद येती, घास गिळंना' हे माज्या पदरचं. बाई लाजायची, पुन्हा वाचाय लावायची. आन् दुसऱ्यांदा वाचताना मी काय जोडलं व्हतं, तेच मला आठवायचं न्हाई!

पर समद्यात आदी बगायचा तो कोपरा. तुमाला न्हाई मालूम? आवं, मयताची खबर असली की कार्डाचा एक कोपरा फाडून धाडायचे. कोपरा फाटका दिसला की वाचायच्या आदीच रडारड. आन् तसलं कार्ड घरात ठिवायचं न्हाई, लगेच फाडून टाकायचं.

मी काय करायची, कोपऱ्यावर आंगठा दाबून कार्ड धरायची. तोंड लांब करायची. उसासा सोडायची.

"सखू... धीर धर गं बाई..."

सखूच्या हातातली भाकर खाली! मंग हळूच आंगठा काढायची. कोपरा शाबूत!

"मेले, तुजं मढं बशिवलं!" म्हनत सखू ढेकूळ घेऊन मागं लागायची.

देव वरून समदं बगत व्हता बरं का.

एक दिस मी आमच्या मालकाला कार्ड लिवलं. 'पोरीला दात आला. आत्याबाईंचं गुडघं बरं हाय. हंगाम पुरा करूनच या. मधी येऊ नका.' कावून, तर मधी आला आन् टोळीतली जागा गेली, तर पुन्हा कोन देतंय? गावात तरी खायला काय व्हतं? म्हून 'मधी येऊ नका' ह्याच्याखाली दोन रेघा मारल्या. जाड!

लिवून झालं, भाकर खाल्ली. सरकारी दुकानातल्या लाल मिलोची, त्या अमेरिकेच्या जवारीची, भाकर. ती दाताच्या फटीत आशी जाऊन बसली, की जीभ लावून लावून वैतागले. पोस्टमन सायकलवर टांग टाकून उभा. "वैनी, द्या लवकर!" काडी बगावी, तर दुष्काळात काडी कुठली? हातात कार्ड. नवंकोरं, कडक, टोकदार.

टर्रकन कोपरा फाडला, दात कोरला, कार्ड त्याच्या हातात दिलं. काय हलकं वाटलं म्हनून सांगू!

पोस्टमननं कार्ड बगितलं. माज्याकडं बगितलं. टोपी काढली.

"लई वाईट झालं वैनी."

"वाईट कशाचं? जीव सुखी झाला माजा!"

तो सायकल घेऊन आसा पळाला, की मागं वळून बगितलं न्हाई. मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं बिचाऱ्याचं.

आठ-धा दिस गेले. सकाळी मी भांडी घासाय बसले, आत्याबाई पोरीला घेऊन उन्हाला. तेवढ्यात वेशीकडून हंबरडा.

"आगं माजे मायऽऽ!"

आत्याबाईंनी कान टवकारले. मयताला जायची त्यांना भारी हौस. गुडघं इसरल्या, पोरगी माज्याकडं टाकली, पदर सावरला. "चल गं, कुनाचं तरी लई जीवाचं गेलंय!"

वेशीत ही गर्दी. मधी एक बाई डोळ्याला पदर लावून छाती पिटत बसलेली. आत्याबाई घुसल्या गर्दीत, तिच्याशेजारी फतकल मारली, गळ्यात हात टाकला आन् आपुनबी सूर लावला!

ती बाई रडती, "माजी माय उपाशी मारली गं त्या वाचनारनीनं!"

आत्याबाई, "मारली गं, मारली!"

"गुनाची व्हती गं माजी माय!"

"व्हती गं, व्हती! ...कुनाची गं माय तू?"

बाईनं पदर काढला. वन्सं!

वन्सं जी किंचाळली! गर्दी धा पावलं मागं. मालक मागून पुढं आले, तर मीच वळखलं न्हाई. मांजरसुंब्याला ट्रक थांबला, तितंच न्हाव्याला गाठून डोकं आन् मिशा समदं सफाचट!

आत्याबाईंनी लेकाला खालीवर बगितलं. "आरं, मिशा कावून काढल्या?"

"तुज्यासाठी!"

"मला काय करायच्यात तुज्या मिशा?"

संगं आत्याबाईंचा भाचा भानुदास आलता, आष्टीचा, त्याच टोळीतला. मी त्याच्यावर डाफरले, "भावजी, कार्ड कुठाय माजं?"

"फाडून पाटात टाकलं. आसलं ठिवत असतेत व्हय?"

"कुनाकडून वाचून तरी घ्यायचं!"

"घरात म्हातारं मानूस एकच. वाचायचं काय त्यात, वैनी? कोपराच बोलत व्हता की!"

कोपरा? आन् माजी जीभ आपसूक गेली त्या दाताच्या फटीत. सांगावं तर लागलं. सांगितलं. आत्याबाई एवढंच म्हनल्या, "पोरी, माजं मढं भाकरीच्या तुकड्यापायी काढलंस गं!"

मालक त्याच दिशी माघारी पळाले. मुकादम किस्सा ऐकून हसत हसत खाली बसला, म्हून जागा वाचली. मिशा मातर हंगाम सरला तरी पुऱ्या आल्या न्हाईत.

आत्याबाई त्यावर वीस वर्सं ठणठणीत जगल्या. मी कार्ड लिवलं की हात पुढं, "दाव, चारी कोपरे दाव."

मंग खऱ्या गेल्या. मी रडत रडत आष्टीच्या पाव्हन्यांना कार्ड धाडलं, रीतीपरमानं कोपरा फाडून. दहाव्याला कावळा आला. आष्टीचं एक मानूस न्हाई!

बाराव्याला भानुदासचं कार्ड आलं, कुनाकडून तरी लिवून घेतलेलं. आदी कोपरे बगितले, चारी शाबूत. मंग वाचलं. 'वैनी, तुमचं कार्ड भेटलं. कोपरा बगूनच समदे लई हसलो. आता तरी कडुलिंबाची काडी वापरा. आत्याला रामराम सांगा.'