सत्कार झाला, गाणं राहिलं
नासलेल्या ताकाचा वास आला की मला इंदापूरकडचा एक ओढा आठवतो आणि डोकं तापतं. काही वर्षांपूर्वी आम्ही पाण्यासाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी तिथं सभा घेतली, कारण गावातल्या डेअरीचं सांडपाणी ओढ्यातून विहिरींत उतरत होतं. सत्तरच्या दशकात मुंबईत गाजलेल्या एका रॉक बँडचे गिटारवाले आबा म्हातारपणी त्याच गावात राहायचे. त्यांचीही विहीर गेली होती. तिच्यावर त्यांनी गाणं रचलं, गिटारला नव्या तारा चढवल्या. पण मंडप ज्याचा, अध्यक्ष तो, अशी गावची रीत; आणि मंडप दिला होता डेअरीच्या मालकानं! आबा माइकपुढं उभे राहताच सरपंचांनी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. आता गिटार वाजवणार कशी? सरपंच म्हणाले, “बसा आबा, झाला सत्कार.” आबा म्हणाले, “मी गायला आलोय.” मालक हसले, “तुमचं गाणं आमी कॉलेजात असल्यापास्नं ऐकतोय की! घसा कशाला कोरडा करता? ए, लाव रं यांचं जुनं गाणं!” नारळ खाली ठेवून आबांनी तरी सुरुवात केली, पण भोंग्यावर पन्नास वर्षांपूर्वीचे आबाच गरजत होते, त्यात विहिरीचं गाणं बुडालं. त्या जुन्या बंडखोर गाण्यावर लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला, सगळ्यांत जोरात मालकानं. आबा पुन्हा कुठल्याच सभेला आले नाहीत. आता माझ्या सभेत सत्कार होत नाहीत. ज्याचं पाणी बिघडलंय तो आधी बोलतो. लोक मला उर्मट म्हणतात. म्हणू द्या.