वडिलांचा इख्तियार

माझे वडील कायदे करायला हैदराबादला गेले, तेव्हा अख्ख्या अंबडला वाटलं, आता कायदा आपल्या घरचा झाला. एवढ्या वर्षांनी त्याचं हसू यायला हवं. मला मात्र अजून रागच येतो.

वडील अंबडच्या कोर्टात वकील. निजाम सरकारची कायदे करायची मजलिस होती, तिच्यात वकिलांच्या वाट्याची जागा त्यांना मिळाली. जायच्या दिवशी डोक्यावर दस्तार, कमरेला बगलूस, म्हणजे रुंद बक्कलाचा दरबारी पट्टा, असा सगळा थाट. आईनं राजूरच्या गणपतीचा अंगारा लावला आणि म्हणाली, "बाकी काही बोला, न बोला. पोरींच्या शाळेचं तेवढं बोला."

ती शाळा दत्ताच्या देवळाच्या ओवरीत भरायची. मराठी शाळा, आम्ही मूठभर मुली आणि एक मास्तर. खासगी शाळेला सरकारची परवानगी लागे. ती मागता मागता मास्तरांचे जोडे झिजले आणि शेवटी ठाण्याच्या अमीनानं, म्हणजे फौजदारानं, ओवरीला कुलूप ठोकलं. मी चौथीत होते. मला पुढं शिकायचं होतं, दुसरं काहीसुद्धा नको होतं.

वडील मजलिसीत बसल्याची खबर आली आणि आईनं सरळ शाळा उघडली. "कायदे करणाराच आपला, मंग परवानगी कुणाची मागायची?" असं म्हणून तिनं पुजाऱ्याकडून कुलूप काढवलं, ओवरीला आंब्याचं तोरण बांधलं, आम्हाला गूळ वाटला. शेजारच्या बायकाच काय, कोर्टातले कारकूनही "बिलकुल बराबर" म्हणाले. दुपारी अमीन आला. त्यानं मास्तरांना ठाण्यासमोर उन्हात उभं केलं आणि आमच्या पाट्या जप्त केल्या. पोरींच्या पाट्या! त्यांनी कुणाचं तख्त हलणार होतं, देव जाणे.

थोड्याच दिवसांत वडील परतले ते धुमसतच. बगलूस काढून कोपऱ्यात फेकला आणि आईला म्हणाले, "मी शाळेचं बोलायला उठलो, तर सदरसाहेब अध्यक्षाच्या खुर्चीवरून म्हणतात, हा मसला तुमच्या इख्तियारातला न्हाई. हुजुरांबद्दल बोलायचं न्हाई. फौजेबद्दल बोलायचं न्हाई. वरून आलेल्या हुकमाबद्दल बोलायचं न्हाई. मंग उरलं काय? उरलं त्यावर आम्ही मत द्यायचं, अन् ते मानायचं की न्हाई ते हुजूर ठरवणार! ऐकून घेतात अन् बाजूला ठेवतात. मंग बोलावता कशाला?"

मसला म्हणजे प्रश्न, इख्तियार म्हणजे अधिकार. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी ती मजलिस. पण त्या संध्याकाळी वडिलांचा मला फार अभिमान वाटला. ते चिडले होते ते माझ्यासाठी, असं मला वाटलं. मी त्यांना पाणी नेऊन दिलं.

त्याच उन्हाळ्यात शहागडचं स्थळ आलं.

आई म्हणाली, "एवढी काय जल्दी आहे? पोरीला औरंगाबादला माझ्या भावाकडं ठेवू. तिथं मुलींची शाळा आहे. तो कधीचा म्हणून राह्यला." मी दाराआड उभी होते. वडिलांनी तिचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग "ऐकलं तुझं" म्हणाले आणि शहागडला होकार कळवायला बसले.

आई समोर जाऊन उभी राहिली. "ऐकलं, मंग लिहून काय राह्यले? पोरीला तरी विचारा!"

वडिलांनी मानसुद्धा वर केली नाही. "हा मसला तुझ्या इख्तियारातला न्हाई."

आवाज चढला नव्हता. आपण कुणाचं वाक्य बोललो, हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं. आईच्या आलं. ती म्हणाली, "मंग तुम्ही त्या सदरसाहेबावर चिडले कशाला?" वडील लिहीत राहिले.

वैशाखात माझं लग्न झालं. पाठवणीच्या वेळी वडील ढसाढसा रडले. मी रडले नाही. हैदराबादहून आमच्या घरात तेवढा एकच कायदा आला, आणि तो माझ्यावर लागू झाला.