मावा मेला नाही, म्हणून सिद्धार्थ चोर

“ड्रम म्या भरला, औषध म्या टाकलं. मंग मावा जिता काऊन हाय?” भास्करराव मावा किडीनं भरलेलं पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पान माझ्या तोंडासमोर नाचवत होते. “यानं औषधाचं पाणी दुसऱ्याच्या वावरात मारलं अन् माह्या ड्रमात साधं पाणी भरलं. चोर हाय हा!”

हे सगळं भर चौकात. जळगाव जामोदजवळचं गाव, टपरीवर निम्मा गाव बसलेला. सिद्धार्थ मजुरीनं फवारणी करतो. पाठीवरचा पंप हेच त्याचं पोट. ऐन हंगामात चोर ठरला, तर त्याला वावरात कोण घेईल? मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे आणि फवारणी मजुरांच्या संघटनेचं कामही करते. म्हणून त्यानं मला बोलावलं होतं.

“औषध केव्हा टाकलं?” मी विचारलं.

“रातीच. लाईट रातीच येते ना ताई. बोअर चालू केला, ड्रम भरला, औषध ओतलं. बाटली घरात तालाबंद. मजुराच्या हाती बाटली देत नसतो मी.”

“अन् मी सकाळी आलो,” सिद्धार्थ म्हणाला. “मले त बाटलीचा रंगही मालूम नाही.”

मी बोअरच्या पाण्यात पीएचची पट्टी बुडवली. पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते ही पट्टी रंगानं सांगते. ती गडद निळी झाली, म्हणजे पाणी चांगलंच अल्कधर्मी. हा खारपाणपट्टा आहे, जमिनीखालचं पाणीच क्षारांचं; मला नवल वाटलं नाही. राग मात्र आला.

पाणी म्हणजे औषध वाहून नेणारी बैलगाडी, असं आपण समजतो. तसं नसतं. पाणी द्रावक आहे. विरघळलेल्या औषधाच्या कणांना ते चहूबाजूंनी घेरतं, त्यांच्याशी भिडतं. पाणी असं अल्कधर्मी असेल तर काही कीटकनाशकांचे रेणू ते अक्षरशः तोडतं. जितका जास्त वेळ, तितकी जास्त मोडतोड. सकाळी ड्रम दिसतो तसाच, वासही तोच. आतलं बरंचसं औषध मेलेलं.

बाटलीवर काय छापलंय? ‘स्वच्छ पाण्यात मिसळा.’ बस. कोणतं पाणी, किती वेळात वापरायचं, एक अक्षर नाही. मी कंपनीच्या प्रतिनिधीला फोन लावला.

“मॅडम, डोस डबल करायला सांगा.”

“डबल डोस कुणाच्या नाकातोंडात जाणार? तुमच्या?”

त्यानं फोन कापला.

मग आम्ही वावरातच परीक्षा घेतली. एका बादलीत रात्रभर मुरलेलं औषधपाणी. दुसरीत त्याच बोअरचं पाणी, पट्टीचा रंग उतरेपर्यंत लिंबूसत्व घालून, औषध ऐन फवारणीच्या वेळी. बाटली तीच, माप तेच. भास्कररावांनी दोन्ही वेळा स्वतः ओतलं, म्हणजे पुन्हा बोंब नको. प्रत्येक बादलीनं एक तास, म्हणजे कपाशीची एक ओळ, फवारली, आणि दुसऱ्या दिवशी पाहायला गेलो.

पहिल्या ओळीवर मावा मजेत. दुसऱ्यावर काळा पडून गळालेला.

भास्करराव बराच वेळ पानं उलटीपालटी करत राहिले. “म्हंजे पाण्यानंच खाल्लं औषध?”

“तुमच्या कुलपानं खाल्लं,” मी म्हणाले. “बाटली सकाळी याच्या हाती दिली असती, तर रात्री मिसळायची गरजच नव्हती.”

“बरं, झालं गेलं. सिद्धार्थ, उद्यापासून ये बे.”

“येतो. पयले चौकात चाला. जिथं चोर म्हटलं, तिथंच सांगा.”

“वावरात सांगून राह्यलो ना तुले? गावासमोर काय तमाशा करतो?”

सिद्धार्थनं पंप उचलला आणि तो धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, चालता झाला. संघटनेनं त्याला शेजारच्या गावात काम मिळवून दिलं. भास्कररावांचा हंगाम मजूर शोधण्यात गेला. आता ते पाण्यात लिंबूसत्व टाकतात, औषध सकाळी मिसळतात. चौकात जाऊन चूक मात्र अजून सांगितलेली नाही.

तुमच्या वावरात औषध लागू पडलं नाही, तर आधी पाण्यात पट्टी बुडवा. मजुराचं नाव त्यानंतर घ्या.