ओल्या रुमालाची परीक्षा

माझी बहीण लातुरात दुपट्टे छापते. ठसे ती स्वतः मारते. त्याआधी कापडाला लाल रंग नांदेडचा एक रंगारी देतो. गेल्या हिवाळ्यात तिच्या एका दुपट्ट्याने गिऱ्हाइकाचा पांढरा कुर्ता गुलाबी केला. तिचा माल घेणारं दुकान एकच, लातूरजवळच्या मुरुडचं. पुन्हा रंग गेला तर दुपट्टे आणू नका, असं दुकानदाराने कळवलं.

बहिणीचा संशय रंगाऱ्यावर होता. मी तिच्यासोबत नांदेडला गेलो.

रंगारी साठीचा, घराण्यात हेच काम. आमच्यासमोर त्याने कोरडा रुमाल दुपट्ट्यावर घासून दाखवला. रुमाल पांढराच राहिला.

"बघा ताई. पक्का हाय."

"चाचा, कोरड्यावर कोणता रंग उतरतो?" बहिणीने स्वतःचा रुमाल ओला करून घासला. तो लाल झाला.

"तुमच्या लातूरचं पाणी..."

"हे तुमच्याच नळाचं आहे."

तो हसला. पटल्यासारखा नाही, पकडला गेल्यासारखा.

मग कळलं ते असं. रंग दिल्यावर कापड साबणाच्या उकळत्या पाण्यातून काढावं लागतं, म्हणजे न धरलेला रंग निघून जातो. तो थंड पाण्यात खळबळून थांबत होता. बहीण म्हणाली, सरपण वाचवायला. तो म्हणाला, "सरपणाचं न्हाई ताई. उकळलं की लाल फिका पडतो, आन् गिऱ्हाईक फिका घेत न्हाई. गडद पायजे का पक्का, ते सांगा."

याचा अर्थ, विकला जाणारा गडदपणा सुट्या रंगाचा होता. हे आधी का सांगितलं नाही, असं बहिणीने विचारलं, तेव्हा त्याने लाल झालेला रुमाल उचलून नळाखाली धरला.

तिने पक्का सांगितला आणि नव्या खेपेचे सगळे दुपट्टे उकळून निघेपर्यंत भट्टीजवळून हलली नाही. मधे चहा आला. तिने घेतला, पण पाठ वळवली नाही.

छापून झाल्यावर आम्ही ते मुरुडला नेले. दुकानदाराने एक उजेडात धरला.

"धुतलेला माल नवा म्हणून देता काय, बाई?"

बहिणीने बादलीभर पाणी मागितलं. दुकानदाराने पाणी आणलं, दुपट्टा मात्र ढिगाच्या तळातून स्वतःच्या हाताने काढून बुडवला आणि बराच वेळ पिळला. पाणी स्वच्छ राहिलं. त्याने ते पुन्हा एकदा वाकून पाहिलं.

निम्मे दुपट्टे त्याने ठेवून घेतले. उरलेले बांधून परत देताना म्हणाला, "पुढच्या वेळी थोडा गडद आणा."