त्रेचाळीस खुणा

माझं काम पाऊस मोजण्याचं आहे. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेच्या पातळीवर आणायचा आणि आकडा वहीत लिहायचा. बावीस वर्षं हेच करतो आहे. हे सांगण्याचं कारण एवढंच, की पुढे जे आकडे येतील ते मी मोजलेले आहेत. जिथे अंदाज असेल तिथे तसं म्हणेन.

आमचं घर भाट्याच्या पुलापलीकडे, सड्याच्या कडेला आहे. घरामागची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढलं की माथ्यावर सपाट कातळ सुरू होतं, तोच सडा. झाड नाही, आडोसा नाही. सड्याच्या पलीकडच्या उतारावर आमची आंब्याची एकतीस कलमं आहेत. ती माझ्या वडिलांनी, आप्पांनी, लावली. घराच्या बेड्यापासून, म्हणजे बांबूच्या फाटकापासून, बागेच्या बेड्यापर्यंत सड्यावरून आडवं गेलं की अकराशे चव्वेचाळीस पावलं होतात.

या वाटेवर त्रेचाळीस ठिकाणी दगडांच्या गुडघाभर उंचीच्या राशी होत्या. आम्ही त्यांना नुसतं खुणा म्हणायचो. दर सव्वीस पावलांवर एक. पावसाळ्यात सड्यावर धुकं उतरलं की स्वतःचा हात दिसत नाही, तेव्हा माणसं या खुणांवरून पलीकडे जात. रिवाज असा, की जाताना कुठल्याही एका खुणेवर एक दगड ठेवायचा आणि काढायचा मात्र कधीच नाही. सतराव्या खुणेवर माझ्या आजीने ठेवलेली जात्याची फुटकी तळी होती. ती तिने डोक्यावरून वर नेली होती, असं आप्पा सांगत.

आता बागेपर्यंत डांबरी रस्ता आहे. वळसा चार किलोमीटरचा, पण रिक्षा जाते. खुणांच्या वाटेने जाणारं एकच माणूस उरलं होतं, आप्पा. त्यांना काचबिंदू आहे. समोरचं टीचभर दिसतं, बाजूचं काही नाही. तरी दुपारी दोन वाजता काठी घेऊन निघायचे, प्रत्येक खुणेवर काठी टेकवून आकडा म्हणायचे आणि त्रेचाळीसनंतर बागेचं बेडं उघडायचे. बागेत जाऊन एकेका कलमाला हात लावायचा आणि परत यायचं. दिवसभरात तेवढंच एक काम ते एकटे करत.

मी वर्षभर सांगत होतो, आप्पा, आता पुरे.

"मेल्या, तू पाऊस मोजतोस, मी वाट मोजतो," ते म्हणायचे. "तुझं तरी कधी चुकेल, माझं नाय."

त्या वर्षी एप्रिलमध्ये मुंबईहून एक मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशीची असेल, सोबत दोघे सहकारी. त्यांना सड्यावर पावसाळ्यापुरती एक वास्तू उभी करायची होती. सिमेंट नाही, खोदाई नाही, छप्पर नाही. सड्यावरचेच दगड एकावर एक रचून गोल भिंत, आत जायला अरुंद बोळ, शेवटी एक बाक आणि बाकासमोर एक झरोका. माणसाने एकट्याने आत जायचं, बसायचं आणि झरोक्यातून बघायचं.

"काय बघायचं?" माझ्या चुलत भावाने विचारलं. सड्याची जमीन आमची सामाईक आहे, म्हणून तोही होता.

"सडाच, काका. रोजचाच. पण एवढाच तुकडा."

"तो आमच्या आप्पांना फुकट दिसतो," तो म्हणाला.

ती हसली. मलाही हसू आलं. संमतीपत्र मी लिहिलं, लांबीरुंदी आणि तारखांसकट. मग ती मला सड्यावर घेऊन गेली आणि खुणांपाशी थांबली. तिने प्रत्येक राशीचा फोटो काढून नंबर घातले होते.

"हे दगड वापरले तर चालतील? या वाटेने कोणी जातं का अजून?"

मी म्हणालो, "आता कोणी जात नाही."

जाणारं माणूस एक होतं. मी शून्य सांगितलं. मुद्दाम सांगितलं. खुणा गेल्या की आप्पांचं जाणं आपोआप थांबेल आणि थांबवल्याचं पाप माझ्याकडे येणार नाही, असा माझा हिशेब होता. मे महिन्यात दगड हलवले तेव्हा आप्पा महिनाभर माझ्या बहिणीकडे राजापूरला होते. ते परत आले तेव्हा पाऊस लागला होता. सड्यावर शेवाळ धरलंय, दसऱ्यापर्यंत वर जायचं नाही, असं मी त्यांना सांगितलं. ते बरं म्हणाले. त्यांनी एवढ्या सहज बरं म्हणायला नको होतं, हे मला नंतर कळलं.

वास्तू झाली होती सुंदर. घराच्या बेड्यापासून सरळ चारशे साठ पावलांवर, जुन्या वाटेच्या थोडी डावीकडे. रविवारी लोक येत, मोबाइल बंद करून एकेक आत जात. आमची गुरं मात्र तिच्या आसपास चरत नसत. भिंतीपासून पंधरा-वीस पावलांवर गवत तोडल्यासारखी हद्द दिसायची, अलीकडे खाल्लेलं, पलीकडे उभं. हा अंदाज आहे, ते अंतर मी मोजलं नाही. वारा पश्चिमेचा असला की दगडांच्या फटींतून आवाज यायचा. शीळ नव्हे. कोणीतरी तोंडातल्या तोंडात आकडे म्हणावेत, तसा.

"फटी कमीजास्त आहेत ना काका, म्हणून," ती मुलगी म्हणाली. मला ते पटलं.

श्रावणातली गोष्ट. पावणेसहाला कामावरून आलो तर बायको ओटीवर उभी.

"अहो, आप्पा दोनला गेलेत. मी मागे विहिरीवर होते. काठी नाहीये जागेवर."

सड्यावर धुकं इतकं की पाखाडीची शेवटची पायरी दिसेना. मी हाका मारत गेलो. उत्तर नाही. भिंत एकदम अंगावर आली. बोळातून आत गेलो तर आप्पा बाकावर बसलेले, काठी गुडघ्यांमध्ये, तोंड झरोक्याकडे. झरोक्यात नुसतं पांढरं होतं.

"आलास?" ते म्हणाले. "मी कधीचा बेडं शोधतोय. त्रेचाळीस झाल्या नि बेडं नाय. ही भिंत कुणी घातली हितं?"

"त्रेचाळीस काय झाल्या, आप्पा?"

"खुणा. दुसरं काय?"

"मोजल्यात तुम्ही?"

"काठी टेकवून. एकन् एक."

सड्यावर तेव्हा एकही खूण नव्हती. त्यांनी बाकाशेजारच्या भिंतीवरून हात फिरवायला सुरुवात केली, कलमाच्या खोडावरून फिरवतात तसा. हात एका जागी थांबला. तिथे एक सपाट, अर्धगोल दगड होता, टाक्या मारलेला.

"ही आईची तळी," ते म्हणाले. "सतराव्यावरची. हितं कशी आली?"

वारा नव्हता. तरी फटींतून तो आवाज येत होता. आप्पा ऐकत होते, मीही.

"तू दिलंस हे सगळं?"

"हो."

"मला का नाय सांगितलंस?"

मी काठी त्यांच्या हातात दिली. ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तसेच माझ्यासोबत घरी आले. त्यानंतर त्यांनी दोन वाजता काठीला हात लावणं सोडलं. जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. कूस बदलायला सांगितलं तरी नको म्हणायचे. बायको एकदा म्हणाली, "पडतील म्हणून जाऊ दिलं नाहीत, आणि आता पडूनच आहेत." ती टोमणा मारत नव्हती.

पुढच्या रविवारी धुक्यात मी स्वतः चालून पाहिलं. मोबाइलमधलं होकायंत्र बागेच्या दिशेला धरलं आणि पावलं मोजली. चारशे साठला काही लागलं नाही. आठशेला नाही. अकराशे चव्वेचाळिसावं पाऊल टाकलं आणि पुढे केलेला हात ओल्या दगडाला लागला. चाचपून पाहिलं. वास्तूची भिंत होती. धुकं निवळल्यावर टेप लावून परत मोजलं: बेड्यापासून तीनशे बावीस मीटर. माझी चारशे साठ पावलं. जास्त होणं शक्य नाही.

"चकवा लागला तुला," चुलत भाऊ म्हणाला. "गोल गोल फिरलास."

"चकव्यात आकडा बरोबर येतो का?"

तो हसला नाही. त्या दिवसापासून तो त्याची गुरं सड्यावर नेईना.

दसऱ्यानंतर वास्तू उतरवायची होती. ती मुलगी आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, शून्य सांगितल्याचंही.

"काका, मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंस."

तिच्याकडे फोटो होते. ती, तिचे दोघे सहकारी, चुलत भाऊ आणि मी, अशा आम्ही पाच जणांनी चार दिवसांत त्रेचाळीस राशी जागच्या जागी रचल्या. टेप धरायला मी, फोटो बघायला ती. सतराव्या खुणेवर तळी ठेवली. वास्तूच्या जागी काही उरलं नाही, फक्त कातळावर गोल, कोरडा, फिकट डाग.

आप्पांना सांगितलं, खुणा परत लावल्यात. ते उठून बसले. दुसऱ्या दिवशी दोन वाजता काठी घेतली.

"तू मागनं ये. बोलायचं नाय, हात लावायचा नाय."

लख्ख ऊन होतं. पलीकडे बागेची हिरवी रेघ दिसत होती. मी दहा पावलं मागे. टक्, एक. टक्, दोन. राशी बरोबर लागल्या होत्या, ते कुठे अडखळले नाहीत. सतराव्या खुणेपाशी थांबून त्यांनी तळीवरून हात फिरवला, खिशातून एक खडा काढून तिच्यावर ठेवला. तोवर चारशे बेचाळीस पावलं झाली होती.

आणि तिथून ते डावीकडे वळले.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. समोर मोकळं कातळ होतं. आप्पा चालत राहिले. काठीचं टोक गुडघ्याच्या उंचीवर हवेत थांबलं आणि आवाज आला, टक्. दगडावर लाकूड आपटल्याचा. "अठरा," ते म्हणाले. पुन्हा सव्वीस पावलं, पुन्हा टक्. त्यांची पावलं नेहमीसारखी लांब पडत होती. ते थांबत नव्हते, कुठे वळत नव्हते. सतराव्या खुणेपासून त्या फिकट डागापर्यंत अंतर माझ्या पावलांनी नव्वद आहे, नंतर दोनदा मोजलं. त्या नव्वदात आप्पांनी सातशे दोन पावलं टाकली. मागून मीही तेवढीच टाकली. ऊन पाठीवर होतं.

डागाच्या मध्यावर ते थांबले. पुढे हात करून काहीतरी बाजूला ढकललं, बेड्याचा बांबू सरकवतात तसं. दोन पावलं आत गेले आणि खाली बसले.

"बोल आता," ते म्हणाले. "किती झाली?"

चारशे बेचाळीस आणि सातशे दोन. मी मनात दोनदा बेरीज केली.

"अकराशे चव्वेचाळीस."

"मग पोचलो."

त्यांना उठवून खऱ्या बागेकडे न्यावं, असं एकदा मनात आलं. बाग समोर दिसत होती. पण त्यांनी किती ते विचारलं होतं, कुठे ते विचारलं नव्हतं, आणि या वेळी मला खोटा आकडा द्यावा लागला नव्हता. मी त्यांच्या शेजारी कातळावर बसलो. ते हवेत हात फिरवत होते, थांबत होते, पुन्हा फिरवत होते.

"गडग्याकडनं तिसरं कलम," ते म्हणाले. "त्याची खालची फांदी मोडलीय. पार चिरलीय. जाऊन बांध, नाय तर कीड धरेल."

त्यांना घरी सोडून मी रिक्षाने वळसा घेऊन बागेत गेलो. महिनाभर तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. गडग्याकडून, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणाकडून, तिसरं कलम. खालची फांदी मोडून सालीवर लोंबत होती. मी सुतळीने बांधली.

आप्पा आता रोज दोनला जातात. मी मागून जात नाही. परतले की ते सांगतात, कुठल्या कलमाला काय हवंय, आणि मी वळसा घेऊन जाऊन ते करतो. अजून त्यांचं एकही चुकलेलं नाही.